कर्तव्य सांगणारा नेता

राजकारणातल्या माणसाने लोकांना नीती शिकवू नये, असे माझे अनेक वर्षे ठाम मत होते. त्याने रस्ते करावेत, धरणे बांधावीत, दवाखान्यात डॉक्टर बसतो की नाही ते पाहावे. कर्तव्य, शिस्त, त्याग, चारित्र्य हे शब्द कीर्तनकारांकडे राहू द्यावेत. सभेत पुढारी नागरिकांच्या जबाबदारीवर बोलू लागला की माझे लक्ष उडत असे. आज माझे मत तसे राहिलेले नाही. ते का बदलले आणि किती बदलले, हे नीट सांगावे म्हणून लिहितो आहे. जुन्या मतात जे खरे होते ते मी सोडलेले नाही, हेही आधीच सांगतो.

नांदेडच्या माणसाला या विषयासाठी दूर जावे लागत नाही. आमच्याकडे शंकरराव चव्हाण होते. जन्म पैठणचा, 1920 चा. वकील झाले, हैदराबाद मुक्तिसंग्रामात उतरले, नांदेडचे नगराध्यक्ष झाले आणि पुढे दोनदा राज्याचे मुख्यमंत्री झाले: 1975 ते 1977 आणि 1986 ते 1988. सगळा महाराष्ट्र त्यांना 'हेडमास्तर' म्हणायचा. अधिकाऱ्याने वेळेवर यावे, फाइल वाचूनच सही करावी, जनतेचा पैसा उधळू नये, असा त्यांचा धाक. दुसऱ्या कारकिर्दीत त्यांनी शून्याधारित अर्थसंकल्प आणला. गेल्या वर्षी मिळाले म्हणून यंदाही मिळेल, हे त्यात चालत नव्हते. प्रत्येक खात्याला प्रत्येक खर्चाचे कारण नव्याने द्यावे लागे. त्यांची भाषणे टाळ्या घेणारी नसत. बोलणे कोरडे, पण मागणारे. सरकारी नोकराकडून काही मागणारे, शेतकऱ्याकडून काही मागणारे.

माझ्या घरात त्यांच्याविषयी आदर होता, पण माझ्या मनात अढी होती. तिचे कारण आणीबाणी.

मी तेव्हा नांदेडला कॉलेजात शिकत होतो. भिंतींवर, एसटीच्या पाठीवर, सरकारी कचेऱ्यांच्या दारांवर शिस्तीचे आणि कष्टाचे महत्त्व सांगणाऱ्या घोषणा रंगवलेल्या होत्या. त्या वाचायला चांगल्या होत्या. गाड्या वेळेवर धावतात, बाबू टेबलावर सापडतो, असे लोक कौतुकाने सांगत. त्याच महिन्यांत 'मराठवाडा' दैनिकाचे संपादक अनंत भालेराव तुरुंगात होते. निजामाच्या विरोधात लढलेला माणूस स्वतंत्र भारतात, आपल्याच भागातला माणूस मुख्यमंत्री असताना कोठडीत बसतो, हे आम्हा पोरांना समजत नव्हते. दोघेही मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या हाताखाली घडलेले. एक जण राज्याला शिस्त शिकवत होता आणि दुसऱ्याला बोलण्याची बंदी होती.

त्याच काळात, 1976 मध्ये, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने कुटुंबाच्या आकारावर मर्यादा घालणारे विधेयक मंजूर केले. तीन मुलांनंतर सक्तीने नसबंदी करण्याची तरतूद त्यात होती. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झाले नाही. पण लहान कुटुंब ठेवणे हे नागरिकाचे कर्तव्य, इथून सुरू झालेले बोलणे पोलीस आणि सर्जनच्या टेबलापर्यंत कसे जाते, ते तेव्हा सर्वांनी पाहिले. आणि राज्यघटनेत नागरिकांची मूलभूत कर्तव्ये आली तीही याच दिवसांत. 42 वी घटनादुरुस्ती 1976 ची. कर्तव्यांचे कलम 51 क अमलात आले 3 जानेवारी 1977 रोजी. हक्क गोठवलेले असताना कर्तव्ये लिहिली गेली. माझ्या पिढीतल्या अनेकांच्या मनात तेव्हापासून एक समीकरण पक्के बसले: सरकार कर्तव्याविषयी बोलू लागले की आपले हक्क सांभाळावेत.

हे समीकरण मी आजही पूर्णपणे टाकलेले नाही. ऐकणाऱ्याला 'नाही' म्हणण्याची मोकळीक नसेल तर कर्तव्याचा उपदेश हा हुकूमच असतो; तो कितीही सात्त्विक शब्दांत केला तरी.

पुढे मला पाटबंधाऱ्यात नोकरी लागली. कालवा निरीक्षक म्हणून माझी उमेदीची वर्षे गोदावरी खोऱ्यातल्या चाऱ्या-पोटचाऱ्यांवर गेली. या कामाने माझे मत आणखी घट्ट केले. पाणी हे मोजायचे असते. हंगाम ठरलेले: 1 जुलै ते 14 ऑक्टोबर खरीप, 15 ऑक्टोबर ते फेब्रुवारीअखेर रब्बी, 1 मार्च ते 30 जून उन्हाळी. शेतकऱ्याने पाणीअर्ज भरायचा, आपण मंजुरी द्यायची, शेजपाळीप्रमाणे, म्हणजे ठरल्या क्रमाने, पाळी सोडायची, पाणीपट्टी वसूल करायची. यात साधुत्वाचा संबंध कुठे येतो? गेट नीट बसले, वेळापत्रक पाळले आणि चोराला दंड झाला की न्याय आपोआप होतो, असे मी मानत होतो. चांगला नियम आणि चांगले कुलूप. भाषणाची गरज नाही.

शंकररावांची दुसरी कारकीर्द याच काळातली. 1987 च्या सुमारास त्यांच्या सरकारने आठमाही पाण्याचे धोरण धरले. कालव्याचे पाणी खरीप आणि रब्बी अशा दोन हंगामांसाठी, आठ महिने द्यायचे. बारमाही पिकासाठी उन्हाळ्यात कालव्यावर अवलंबून राहता येणार नाही. ज्याला ऊस करायचा त्याने उन्हाळ्यात आपली विहीर वापरावी. हिशेब साधा होता. एका एकरातल्या बारमाही उसाला जेवढे पाणी लागते तेवढ्यात कितीतरी एकर ज्वारी, हरभरा, गहू, भुईमूग निघतो. धरण साऱ्या राज्याच्या पैशाने बांधलेले. मग त्याचे पाणी जास्तीत जास्त घरांपर्यंत जायला हवे. साखर कारखानदारीतल्या बड्या पुढाऱ्यांनी या धोरणाला कडाडून विरोध केला. हा विरोध शंकररावांच्याच पक्षातला होता. जून 1988 मध्ये शंकररावांचे मुख्यमंत्रिपद गेले आणि ते अर्थमंत्री म्हणून दिल्लीला गेले. खुर्ची जाण्यामागे राजकारणाची इतरही कारणे असणार. पण उसाच्या पट्ट्याला दुखावणे स्वस्त पडणार नाही, हे त्यांच्यासारख्या मुरलेल्या माणसाला ठाऊक नव्हते, असे कोणी म्हणणार नाही.

धोरण मला पटले होते. त्याच्याबरोबर येणारा उपदेश मात्र नकोसा वाटायचा. जीआर काढा, अंमल करा, मोकळे व्हा, असे मी सहकाऱ्यांना म्हणत असे.

माझ्या ताब्यातल्या एका चारीवर काय होत होते ते सांगतो. चारीच्या मुखाशी बागायतदार, ऊस डोक्याच्या वर. टेलला, म्हणजे चारीच्या शेवटाला, कोरडवाहूतून नुकतीच ओलिताखाली आलेली लहान शेते. पाळी सुटली की आम्ही कागदावर टेलकडून पाणी द्यायला सुरुवात करायचो. रात्री दहानंतर पाणी चारीत निम्म्यावरच अडायचे. बॅटरी घेऊन काठाने चालत गेलो की कालव्यात टाकलेल्या मोटारींचा आवाज यायचा, बांध फोडून घातलेला पाइप दिसायचा, आणि माणूस कोणीच नसायचा. टेलला एक म्हातारी मावशी पोराबरोबर दारे धरायला रात्रभर बसून असायची. भुईमुगाला फुले लागलेली, जमीन भेगाळलेली. पहाटे मला पाहून ती एवढेच विचारायची, "सायेब, आमची पाळी कागदावरच ऱ्हाती का?" मी सकाळी पंचनामा करायचो. पंच म्हणून सही करायला गावातला कोणी तयार नसायचा. दुपारपर्यंत वरून फोन यायचा, की प्रकरण वाढवू नका.

मुखाशी ऊस लावणारा मनुष्य दुष्ट नव्हता, हेही सांगायला हवे. तो मला म्हणायचा, "दादा, ज्वारीला भाव कोण देतो ते सांगा, उद्या ऊस मोडतो." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. उसाला कारखाना होता, ठरलेला दर होता, पैसे बुडाले तर आरडाओरडा करायला जागा होती. ज्वारीच्या मागे कोणी उभे नव्हते. आणि तरीही टेलच्या मावशीचे पाणी त्याच्या शेतात जिरत होते, हेही तितकेच खरे.

त्या वर्षांत मी निष्कर्ष काढला तो असा: कुलूप अजून पक्के हवे. हा निष्कर्ष पुरेसा नव्हता, हे मला बऱ्याच उशिरा, 2016 मध्ये, लातूरला समजले.

मी निवृत्त झालो होतो. ताई लातूरला राहते. त्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले होते. शहराचा नळ बंद होता. मार्चमध्ये जिल्हा प्रशासनाने पाण्याच्या टाक्या आणि टँकर भरण्याच्या जागांभोवती जमावबंदीचे 144 कलम लावले. पाण्यावरून मारामाऱ्या होतील अशी भीती होती. ताईच्या अंगणात प्लास्टिकचे ड्रम ओळीने उभे होते, प्रत्येकावर खडूने नाव. टँकर येण्याचा सुगावा लागला की बायका हातातले काम टाकून पळत. एप्रिलच्या 12 तारखेला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वॅगन, सुमारे पाच लाख लिटर. पुढे पन्नास वॅगनची गाडी येऊ लागली, पंचवीस लाख लिटरची. साडेतीनशे किलोमीटरवरच्या कृष्णेचे पाणी रुळांवरून येत होते आणि देशभरचे कॅमेरे ते दाखवत होते.

पाऊस लागोपाठ कमी पडला होता, हे खरेच. पण याच खोऱ्यात ऊस उभा होता, याच भागात कारखान्यांची धुराडी गेल्या हंगामात पेटली होती. कृषीमूल्य आयोगाने वारंवार दाखवलेला आकडा असा, की महाराष्ट्रात लागवडीखालच्या क्षेत्रापैकी चार टक्क्यांहून कमी क्षेत्रावर ऊस आहे आणि सिंचनाच्या पाण्यापैकी जवळपास सत्तर टक्के पाणी तो पितो. हा आकडा पेपरात होता, विद्यापीठांत होता, आमच्या खात्यात तर होताच. लातूरच्या त्या उन्हाळ्यात मी बरीच भाषणे ऐकली. कोणी रेल्वे आणल्याचे श्रेय घेत होते, कोणी सरकारला दोष देत होते, कोणी निसर्गाला. मी ऐकलेल्या एकाही भाषणात कोणी उभे राहून आपल्याच मतदारांना असे म्हटले नाही, की बाबांनो, आपण आपल्या वाट्याहून जास्त पाणी घेतले, पुढच्या वर्षी लागण कमी करा, आणि तुमचे नुकसान होऊ नये म्हणून मी ज्वारी-तुरीच्या भावासाठी लढतो.

ताईच्या ओट्यावर बसून मला माझ्या चारीचा उलगडा झाला. तिथे कुलूप कमी पडले नव्हते. नियमही होता, दंडही होता, निरीक्षकही होता. कमी होते ते एक जनमत, की टेलचे पाणी चोरणे ही लाजेची गोष्ट आहे. पंचनाम्यावर सही करायला कोणी येत नव्हते ते भीतीने जितके, तितकेच त्यात काही वावगे आहे असे गावाला वाटत नव्हते म्हणूनही. गावात ती लाज तयार करणे पगारी निरीक्षकाच्या हातात नसते. ज्याचा शब्द गाव मानते, ज्याला गाव मत देते, त्यानेच ते बोलावे लागते. आठमाहीचा नियम कागदावर राहिला, कारण शंकरराव मुख्यमंत्रिपदावरून गेल्यावर त्याची बाजू घेऊन गावोगाव बोलणारा वजनदार माणूस उरला नाही. मी ज्याला उपदेश म्हणून बाजूला सारत होतो, तो त्या नियमाचा पाया होता. पायाशिवाय मी गेटची वाट पाहत होतो.

तेव्हापासून मी आमच्या भागातल्या जुन्या गोष्टी वेगळ्या नजरेने वाचू लागलो. पहिले नाव अर्थात स्वामी रामानंद तीर्थांचे. नांदेडचे विद्यापीठ त्यांच्या नावाने आहे, 17 सप्टेंबर 1994 ला स्थापन झालेले. मुलांना हे नाव गुणपत्रिकेवरून माहीत असते. मूळचे व्यंकटेश खेडगीकर. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतर अंबाजोगाईच्या योगेश्वरीत त्यांनी मुलांना शिकवले. म्हणजे खरेखुरे मास्तर. 1938 मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात ते तुरुंगात गेले. 15 ऑगस्ट 1947 ला निजामाच्या राजधानीत तिरंगा फडकवून पुन्हा गेले.

त्या वर्षी त्यांनी जे मागितले ते ऐकून आजचा निवडणूक-सल्लागार हबकून जाईल. वकिलांना सांगितले, कोर्ट सोडा. विद्यार्थ्यांना सांगितले, कॉलेज सोडा. शेतकऱ्यांना सांगितले, लेव्हीचे धान्य देऊ नका. गावोगाव शिंदीची झाडे तोडली गेली, कारण त्यांच्यावरचे उत्पन्न निजामाच्या तिजोरीत जात होते. करोडगिरीचे नाके जाळले गेले. माझे वडील उमरीकडचे. त्यांनी त्या रात्रींत कुऱ्हाड चालवलेली. ते सांगायचे, झाड तोडताना भीती रझाकारांची होतीच, पण शिंदीवर पोट असलेला गावातलाच शेजारी सकाळी काय म्हणेल, याचीही होती. म्हणजे मागणे फुकटचे नव्हते. कोणाचे वर्ष गेले, कोणाची वकिली, कोणाचा घास. तरी लोकांनी दिले. त्यांच्यावर सक्ती करायला स्वामीजींकडे पोलीस नव्हते, सत्ता नव्हती. जो मागत होता तो स्वतः आधी आत गेला होता, आणि ज्याला द्यायचे नव्हते तो घरी बसू शकत होता.

30 जानेवारी 1948 ला उमरीची बँक लुटली गेली तीही याच लढ्यात, शस्त्रांसाठी आणि शिबिरांसाठी पैसा हवा म्हणून. त्या पिढीतले लोक लुटीपेक्षा हिशेब अभिमानाने सांगत: पै-पैची नोंद ठेवली गेली. लहानपणी मला यात थरार फक्त बँकेचा वाटायचा. आता वाटते, जंगलातल्या शिबिरात, उद्याचा भरवसा नसताना, वही उघडून रक्कम लिहिणे हे जास्त अवघड काम असावे. नीतीच्या भाषणाला हीच पावती लागते. स्वातंत्र्यानंतर स्वामीजी दोनदा खासदार झाले, मंत्री कधीच झाले नाहीत.

एवढ्यावर थांबलो असतो तर माझे मत सोपे झाले असते: जुनी माणसे थोर, आजची खुजी. पण मराठवाड्याच्या माणसाला 1978 ओलांडून पुढे जाता येत नाही.

27 जुलै 1978 ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि आमच्या खेड्यांत दलित वस्त्या पेटल्या. सर्वांत जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत नांदेड होता. टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंना जाळून मारले. ज्या गावांनी तीस वर्षांपूर्वी जुलमाविरुद्ध लढा दिला म्हणून दरवर्षी झेंडावंदन होत होते, त्यांतल्या काही गावांत हे घडले. मुक्तिसंग्रामातल्या ज्येष्ठांचा शब्द तेव्हा मराठवाड्यात चालत होता. त्यांच्यातले अग्रणी गोविंदभाई श्रॉफ यांनी नामांतराला विरोध केला. नावाविषयी मतभेद असू शकतो. पण ज्यांचे ऐकले जात होते त्यांनी आपल्याच माणसांसमोर, त्या पेटलेल्या गावांच्या पारावर उभे राहून 'हे पाप आहे' असे म्हणायला हवे होते, आणि ते जेवढ्या मोठ्या आवाजात व्हायला हवे होते तेवढे झाले नाही, असे माझे मत आहे. समाजवादी नेते एस. एम. जोशी नामांतराची बाजू घेऊन मराठवाड्यात आले, तर त्यांच्या गळ्यात चपलांचा हार पडला. आयुष्यभर चारित्र्य जपलेल्या त्या म्हाताऱ्या माणसाने तो अपमान सोसला, पण बोलणे थांबवले नाही. नाव बदलायला, तेही नामविस्तार करून, 14 जानेवारी 1994 उजाडला.

या घटनेने मला शिकवले ते सर्वांत कठीण. निजामाविरुद्ध बोलणे धोक्याचे होते, पण ऐकणारे आपल्या बाजूचे होते. 1978 मध्ये धोका ऐकणाऱ्यांकडूनच होता. नेत्याच्या नीतीची खरी कसोटी तिथे लागते. शत्रूला पापी ठरवणारे भाषण कोणीही करतो. आपल्या जातीला, आपल्या तालुक्याला, आपल्या देणगीदाराला, आपल्या पक्षाला त्याचे कर्तव्य सांगतो तो खरा. या मापाने शंकररावांचे आठमाही मोठे ठरते आणि त्यांचीच आणीबाणी लहान ठरते. एकाच माणसाला दोन मापे लावतो आहे असे नव्हे. माप एकच आहे. 1987 मध्ये ते बलवानांकडून मागत होते आणि ते बलवान त्यांना उलट उत्तर देऊ शकत होते, दिलेही. 1976 मध्ये मागणे खालच्यांकडून होते आणि उत्तर देणारे तुरुंगात होते.

कलम 51 क कडेही मी आता वेगळे पाहतो. जनता सरकारने 44 व्या दुरुस्तीने आणीबाणीतले पुष्कळ काही पुसले, पण हे कलम राहू दिले. त्यात नद्या, तलाव, वने जपण्याचे कर्तव्य आहे. बंधुभाव वाढवण्याचे आहे. सार्वजनिक मालमत्ता सांभाळण्याचे आहे. वाचून पाहा, माझ्या चारीवर मोडलेली सगळी कर्तव्ये तिथे आहेत. त्या कलमाखाली थेट शिक्षा नाही, आणि मला आता हे योग्य वाटते. शिक्षा नसलेली गोष्ट टिकते ती पटवून देण्याने. पटवून देण्याचे काम लोकशाहीत शिक्षकाचे आहे, आई-बापाचे आहे, आणि मते मागणाऱ्याचेही आहे. तो ते टाळतो तेव्हा घटनेचे ते पान कोरे राहते.

बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात राजकारणातल्या भक्तीविषयी दिलेला इशारा इथे विसरून चालणार नाही. थोर माणसाच्या पायाशी आपले स्वातंत्र्य ठेवू नका, हा त्याचा सारांश. चारित्र्यवान नेत्याविषयी भक्ती लवकर तयार होते. म्हणून मी चारित्र्यवान नेता शोधत नाही. त्याने काय मागितले, कोणाकडून मागितले आणि स्वतः काय दिले, हे पाहतो. हे तिन्ही प्रश्न कोणालाही विचारता येतात, त्यासाठी माणसाच्या मनात शिरावे लागत नाही.

आजच्या सभा ऐकतो तेव्हा वाटते, आपल्याकडे कर्तव्याचा अतिरेक मुळी उरलेलाच नाही. आता सगळे देण्याचे बोलणे आहे. लाडकी बहीण योजनेत जुलै 2024 पासून महिलांना महिन्याला 1500 रुपये लागू झाले. त्या पैशाने कुणाचे औषध येते, कुणाच्या मुलीची फी जाते, हे मी आजूबाजूला पाहतो. त्या मदतीला मी नावे ठेवणार नाही. गरिबाला मिळणे हा त्याचा हक्क आहे, उपकार नाही. पण सर्व पक्षांच्या व्यासपीठांवरून नागरिक म्हणजे फक्त लाभार्थी, असे चित्र उभे राहते, तेव्हा खिन्न वाटते. ज्याच्याकडून कधीच काही मागितले जात नाही, त्याला कोणी भागीदार समजत नाही. निजामाच्या राज्यातल्या निरक्षर शेतकऱ्याकडे स्वामीजींनी लेव्ही नाकारण्याचे धैर्य मागितले, कारण ते धैर्य त्याच्यात आहे असे त्यांना वाटत होते. तो विश्वास त्या मागण्यात होता. मत द्यायला पुरेसे शहाणे आणि सत्य ऐकायला पुरेसे प्रौढ, असे आपल्याला मानणारा नेता मला पुन्हा हवा आहे.

आणि हे मागणे शेतकऱ्यापाशीच थांबू नये. पेन्शनवर जगणारा, शहरात राहणारा, उसाची एक कांडीही न लावणारा मी काय देतो, हे नेत्याने मला विचारावे. नांदेड शहर विष्णुपुरीचे पाणी पिते आणि सांडपाणी गोदावरीत सोडते. माझ्या घरचे पाणी मीटरने मोजा, पट्टी वाढवा, त्या पैशाने सांडपाणी शुद्ध करून मगच नदीत सोडा, असे म्हणणारा नगरसेवक पुढे आला तर त्याला विरोध करणारे पहिले माझ्याच गल्लीतले असतील. मी त्याच्या बाजूने उभा राहीन. दरवर्षी कालवा सल्लागार समितीची बैठक होते, पालकमंत्री असतात, आमदार असतात. धरणात किती पाणी आहे आणि उन्हाळ्यात किती ऊस परवडतो, हे तिथे आतल्या आत ठरते. तो हिशेब त्यांनी बाहेर मोकळ्या मैदानात, ऊसवाल्यांसमोर आणि टेलवाल्यांसमोर एकाच वेळी सांगावा, उलट प्रश्न विचारू द्यावेत, आणि आपल्या स्वतःच्या शेतात किती ऊस उभा आहे तेही सांगावे. असे बोलणाऱ्याला मी मत देईन, तो कोणत्याही पक्षाचा असो.